डिकीतलं घुमकं



द्रासवर लिहून झालं, पूँछवर झालं, राजस्थानच्या रेंजवरच्या उन्हाबद्दलही झालं. आज दिल्ली कॅन्टची गोष्ट. पीस पोस्टिंग म्हटलं की लोकांना वाटतं सांगण्यासारखं काही नसतं. माझ्या एकोणीस वर्षांच्या नोकरीतली सगळ्यात जास्त घाम फोडणारी गोष्ट मात्र दिल्लीतच घडली, तीही करोलबागेत, एका गाडीच्या डिकीपुढे.

२०१५ साल. क्वार्टर मिळालं, म्हणून फॅमिली सोबत होती. मुलगी अकरावीत, केंद्रीय विद्यालयात. मी एक जुनी मारुती एस्टीम घेतली, २००६ची, पेट्रोल. दिल्लीत डिझेल गाडीला दहा वर्षांची मुदत आणि पेट्रोलला पंधरा, असा एनजीटीचा आदेश नुकताच झाला होता, त्यामुळे पेट्रोलच बघितली. गाडी चांगली होती, गाणी मात्र पिचकी वाजायची. निदान मला तरी तसं वाटायचं. मी ट्रेबल वाढवून वाढवून शेवटच्या खुणेवर नेऊन ठेवला होता. आमची मंडळी म्हणायची, "अहो, कानात सुया टोचल्यासारखं होतंय, कमी करा." मी म्हणायचो, तुम्हाला संगीतातलं काही कळत नाही.

शेजारच्या क्वार्टरमध्ये रोहतकचा एक लान्स नायक होता. त्याच्या गाडीच्या डिकीत बारा इंचांचे दोन सबवूफर. तो गेटातून आत शिरला की आमच्या खिडकीच्या काचा सांगायच्या. एकदा त्याने मला बसवून फिरवलं, आणि मंडळी, खरं सांगतो, मी गावाला पोहोचलो.

आमच्या खटाव तालुक्यात जत्रेला हलगी-घुमकं-कैताळ वाजतं. हलगी कडकडते, कैताळ झणझणतं आणि घुमकं खालून सगळ्यांना उचलून धरतं. माझे वडील घुमकं वाजवायचे. हलगी कानाला ऐकू येते आणि घुमकं पोटाला, असं ते म्हणायचे. त्या लान्स नायकाच्या गाडीत कितीतरी वर्षांनी माझ्या पोटात काहीतरी वाजलं. मी म्हटलं, आपल्यालाही पाहिजे.

"उस्ताद, करोलबाग चलो," तो म्हणाला. "नाईवाला गली. सोमवार को मत जाना, बंद रहता है।"

डिसेंबरातल्या एका रविवारी मी आणि मुलगी गेलो. ज्यांनी तो भाग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, आर्य समाज रोड आणि नाईवाल्याच्या गल्ल्यांत गाडीला लागणारं सगळं रस्त्यावरच बसवून देतात. सीट कव्हर, काचेची फिल्म, हॉर्न, स्टिरिओ. गाडी उभी केली की चार पोरं चारी दारांतून आत शिरतात. आम्हाला भेटलेला मिस्त्री पन्नाशीचा होता, कमी बोलणारा. त्याने आधी गाडी बघितली, मग मला विचारलं, "साब, धमाका चाहिए या बेस चाहिए?"

फरक काय, म्हटलं. त्याने दोन डबे दाखवले. एकाला बाजूला भोक, म्हणजे पोर्ट. तो जोरात वाजतो, पण ठरावीक सुरावर फुगतो आणि ढोलाचा ठोका लांबवतो. दुसरा चारी बाजूंनी बंद. तो जरा कमी वाजतो, पण ठोका पडला की तिथेच थांबतो. घुमक्यावर हात ठेवून आवाज दाबतात ना, तसं. मी बंद डबा घेतला. अठरा मिलिमीटर एमडीएफचा, बाहेरून १६ बाय १४ बाय १२ इंच, म्हणजे आतली जागा बत्तीसेक लिटर. वूफर बारा इंची, एकच. वूफरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत १४०० वॅट छापलं होतं. मिस्त्रीने बोट खाली नेऊन बारीक अक्षरं दाखवली, आरएमएस ३००. "ये असली है, बाकी शादी का कार्ड है।" तोपखान्यातल्या लोकांना हे लगेच समजेल. तोफेचा कमाल पल्ला एक, आणि दिवसभर न थकता मारता येतो तो मारा वेगळा.

डबा डिकीतच का ठेवायचा, हे मुलीने विचारलं. तिची अकरावीची फिजिक्स चालू होती, उत्तरही तिनेच काढलं. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. ५० हर्ट्झला भागलं की लाट जवळपास ७ मीटर लांब. आमची एस्टीम सगळी मिळून ४ मीटरच्या आसपास. एवढी लांब लाट कुठून आली, हे कानाला ओळखताच येत नाही. त्यामुळे वूफर पाठीमागे असला तरी ढोल पुढेच वाजतोय असं वाटतं.

वायरिंगच्या वेळी माझ्यातला जुना लाईन टाकणारा जागा झाला. ३०० वॅटचा अँप्लिफायर पूर्ण जोरात २५-३० अँपिअर ओढतो. दोन्ही हेडलाईट मिळून नऊ-दहा ओढतात, त्यावरून अंदाज घ्या. म्हणजे बॅटरीपासून डिकीपर्यंत जाड वायर पाहिजे, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ पाहिजे. तो फ्यूज अँप्लिफायरसाठी नसतो, वायरसाठी असतो. वाटेत पत्र्याला घासून वायर सोलली आणि फ्यूज डिकीत असला, तर मधल्या सगळ्या वायरला आग लागू शकते. पोराने एक वायर आणली, मिस्त्रीने ब्लेडने खरवडली, तांब्याच्या खाली पांढरं अ‍ॅल्युमिनियम दिसलं. परत पाठवली. असा माणूस भेटायला नशीब लागतं. त्याने पॉवरची वायर गाडीच्या डाव्या बाजूने नेली आणि आवाजाची उजव्या. दोन्ही शेजारी टाकल्या तर इंजिनाचा वेग वाढला की स्पीकरमधून कुंई असा आवाज चढत जाण्याची भीती असते. अर्थिंगसाठी डिकीतल्या पत्र्याचा रंग चकाकेपर्यंत घासला आणि बोल्ट आवळला. डबा पट्ट्यांनी जखडला. तोफेचा स्पेड जमिनीत नीट बसला नाही तर प्रत्येक गोळ्याला तोफ मागे सरकते, इथेही तेच. डबा हलला तर ठोक्याची ताकद डबा हलवण्यातच जाते.

मग चाचणी. त्याच्याकडे एक सीडी होती, तिच्यावर गाणी नव्हती, नुसते सूर होते. ४० हर्ट्झ, ५० हर्ट्झ. डिकीचं झाकण थरथरलं, नंबरप्लेट खडखडली. त्याने प्लेटच्या मागे फोमची पट्टी लावली, झाकणाला आतून डांबरासारखी चिकट शीट चिकटवली. फिल्टर ८० हर्ट्झवर लावला, म्हणजे त्याच्या वरचं काम पुढच्या स्पीकरांनी करायचं. मी पुढच्या सीटवर राजासारखा बसलो होतो. पोटात घुमकं वाजत होतं.

"अब ऊपर का देखते हैं," म्हणून तो सूर चढवत गेला. १०००. २०००. ३०००ला आवाज लांब गेल्यासारखा झाला. मग शांतता. मी थोडा वेळ थांबलो. त्याला म्हटलं, "बंद क्यों किया?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मागे वळलो तर मुलीने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले होते, डोळे मिटले होते.

"पप्पा," ती म्हणाली, "बंद नाही केलंय."

मिस्त्रीने आवाज कमी केला, उगाचच एक कनेक्शन हलवून बघितलं. माझ्यासाठीच, हे मला कळलं. मग हळूच म्हणाला, "साब, तार तो ठीक है।"

परतीच्या वाटेवर धौला कुआँपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. मला नोव्हेंबरातला एक दिवस आठवत होता, आणि बहुतेक तिलाही तोच.

तिची शिकवणी जनकपुरीत होती. त्या दिवशी सकाळी मी बूट बांधत असताना तिने दारातून सांगितलं, आज शिकवणी सात वाजता सुटणार, न्यायला या. मी ऐकलं आठ. बरोबर आठला पोहोचलो. शिकवणीचं शटर खाली, दिवा बंद, धुकं, आणि माझी पोर पुढच्या बंद दुकानाच्या पायरीवर बॅग छातीशी धरून बसलेली. फोनचं चार्जिंग संपलेलं. एक तास. २०१२च्या डिसेंबरनंतर दिल्लीत मुलीच्या बापाला रात्रीचा एक तास म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. माझी तंतरली, आणि घाबरलेला माणूस करतो तेच मी केलं, ओरडलो. नीट बोलता येत नाही का, तोंडातल्या तोंडात पुटपुटतेस, असं सगळं. ती म्हणाली, "मी सातच म्हटलं होतं." मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. घरी येऊन ती जेवली नाही.

"सात"मधला स जिथे असतो, तिथे माझ्या कानात काही उरलंच नव्हतं. मागे राहिलेलं "आत" मी "आठ" म्हणून जुळवलं. कान मोकळी जागा ठेवत नाही, अंदाजाने भरून टाकतो, आणि आपल्याला वाटतं आपण ऐकलं.

हे कुठून आलं, ते मला माहीत होतं. १९९९च्या उन्हाळ्यात द्रासला मी बोफोर्सवर गोळे भरायला होतो. त्या युद्धात आपल्या तोपखान्याने सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागली, त्यातले थोडे माझ्या हातून गेले. कानात बोळे घालायचे असतात हे आम्हाला देवळालीपासून शिकवलं होतं. पण बोळे घातले की हुकूम ऐकू येत नाही, आणि हुकूम चुकला तर काय होतं, हे तोपची जाणतो. मी बोळे काढून ठेवायचो. कुणी काढायला सांगितलं नव्हतं, माझं मीच. रात्री कानात रातकिडे ओरडायचे. पहिल्या काही दिवसांनंतर ते थांबले नाहीत, मीच त्यांच्याकडे लक्ष देणं सोडलं.

आता खरी अडचण सांगतो, जी इथे वाचणाऱ्या अनेकांना न सांगता कळेल. माझं नायब सुभेदारीचं प्रमोशन तोंडावर होतं. मेडिकलमध्ये शेप असतं, त्यातला एच म्हणजे हिअरिंग. तोवर मी प्रत्येक वेळी एच वन होऊन आलो होतो, कारण मागे उभं राहून कुजबुजणाऱ्याचे शब्द कसे ओळखायचे, याची सवय झाली होती. स्वतःहून हॉस्पिटलात जायचं म्हणजे स्वतःच्या हाताने कॅटेगरी लावून घ्यायची. आठ दिवस मी गप्प बसलो. मंडळींनाही काही बोललो नाही. आठव्या दिवशी मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, उद्या शिकवणी सहा वाजता सुटेल," आणि सहा बोटं दाखवली. ती बोटं बघून मी दुसऱ्या दिवशी सिक रिपोर्टला गेलो.

ऑडिओमेट्रीचा कागद बघितलाय का कधी? डावीकडून उजवीकडे खालचे सूर ते वरचे सूर. माझी रेघ सपाट माळरानासारखी निघाली, २००० हर्ट्झपर्यंत ठीक, आणि ४०००ला दरीत पडली. डाव्या कानाची दरी उजव्यापेक्षा खोल. पंचवीस डेसिबलपर्यंत नॉर्मल धरतात. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, मोठ्या आवाजाने गेलेला कान असाच जातो, आधी चार हजाराच्या आसपास, आणि गेलेलं परत येत नाही. मी विचारलं, मग बेस एवढा छान कसा ऐकू येतो? त्या हसल्या. म्हणाल्या, तेवढंच तुमच्याकडे पूर्ण शिल्लक आहे.

वूफर काढून टाकू का, तेही विचारलं. त्यांनी हिशेब सांगितला. ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास चालतात, पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. हा हिशेब मी रोहतकच्या लान्स नायकाला जसाच्या तसा सांगितला. "जी उस्ताद," म्हणाला, आणि संध्याकाळी काचा परत वाजल्या.

एच टू लागली. प्रमोशन एका वर्षाने पुढे गेलं, पण मिळालं. कॅटेगरीचा मला राग आला होता, आजही थोडा आहे. पण कागदावर नोंद झाली, हे रिलीज मेडिकल बोर्डाच्या वेळी कामाला आलं. लपवून ठेवलं असतं, तर द्रासचा कान घरच्या दिवाळीतल्या फटाक्याने गेला नाही, हे मी तेव्हा कशाने दाखवलं असतं? जे अजून सर्व्हिसमध्ये आहेत त्यांनी आपापलं बघावं.

जानेवारीत दिल्लीत पंधरा दिवस ऑड-ईव्हन लागलं, एक दिवसाआड गाडी घरीच. त्या सुट्टीत मुलीने स्टिरिओ पुन्हा लावला. ट्रेबल तिच्या कानाने, शून्यावर. बेस माझ्या पोटाने. मंडळी मागच्या सीटवरून म्हणाल्या, आता कसं माणसाच्या घरासारखं वाजतंय.

२०१७ला पोस्टिंग आली तेव्हा दिल्लीच्या आरटीओची एनओसी काढून गाडी साताऱ्याला आणली. ती आता गावी शेडमध्ये असते. वडिलांना एकदा पुढे बसवून हलगीचं रेकॉर्डिंग लावलं. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "घुमकं बरं हाय. कैताळ कुठं गेलं?" मी म्हटलं, आबा, ते मला विचारू नका.

पोरगी पुण्यात नोकरीला आहे. शनिवारी एसटीने येते, मी स्टँडवर न्यायला जातो. फोनवर वेळ सांगताना आकडा अजून दोनदा सांगते. "सात, पप्पा. सहानंतरचे सात."