गॅरेजमध्ये नेली की गाडी सुरू, दवाखान्यात आलं की दुखणं गायब

आजाराबद्दल लिहितोच, पण आज आधी माझ्या गाडीबद्दल ऐकून घ्या.

गाडी २००३ सालची, छोटी, पेट्रोलवर चालणारी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता. 'आता काढून टाका' असं घरच्यांचं म्हणून झालंय, पण चाळीसगावच्या गल्लीबोळांत मला हीच बरी पडते. मागच्या उन्हाळ्यात तिला एक खोड लागली. सकाळी एका चावीत सुरू. दुपारी कुठं दहा-पंधरा मिनिटं थांबून परत चावी फिरवली, की कधी सुरू, तर कधी नुसता 'टक' असा आवाज. सेल्फ फिरायचाच नाही. अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू. हे रोज नाही, आठवड्यातून एखाद्या वेळी.

पहिल्या गॅरेजमध्ये नेली. तिथं लगेच सुरू झाली. "साहेब, गाडी तर ओके आहे. बॅटरी जुनी दिसते, टाकून घ्या." टाकली. चार हजारांवर गेले. आठ दिवसांनी पुन्हा 'टक'. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं सेल्फ खोलला, कार्बन ब्रश बदलले, आणखी अठराशे. पंधरा दिवस सुखाचे गेले. मग एका दुपारी मेहुणबाऱ्याला अंथरुणाला खिळलेल्या एका जुन्या पेशंटला बघून बाहेर आलो, तर गाडी तिथंच. मे महिन्यातली दुपारची तीनची वेळ. चार पोरांनी धक्का मारला आणि ती दहा पावलांत सुरू झाली. परत येऊन त्याच गॅरेजमध्ये उभी केली, तर त्यानं वीस वेळा चावी फिरवून दाखवली. वीसही वेळा सुरू. "डॉक्टरसाहेब, तुम्ही चावी नीट फिरवत नसाल," तो म्हणाला. वर हसला.

खरं सांगतो, राग आला. मी खोटं बोलतोय का? आणि दुसऱ्याच क्षणी मला एक मावशी आठवल्या.

मावशी बासष्ट वर्षांच्या, बीपी आणि शुगर दोन्ही. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. गेल्या वर्षभरात त्या माझ्याकडे चार वेळा एकच तक्रार घेऊन आल्या होत्या. छातीत पाखरू फडफडल्यासारखं होतं, अर्धा-पाऊण तास राहतं, मग जातं. मी दर वेळी नाडी बघितली, ईसीजी काढला. सगळं नॉर्मल. त्या स्वतःच ओशाळून म्हणायच्या, "डाक्टर, आते काहीच नही व्हई ऱ्हायनं." चौथ्या वेळी मी कागदावर 'घाबरल्यामुळे' असं लिहिलं, रात्री घ्यायला एक सौम्य गोळी दिली आणि म्हणालो, "मावशी, टेन्शन घेऊ नका." हसलोसुद्धा असेन.

गाडीकडे परत येतो. एका पेशंटनं धुळे रोडवरच्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव सुचवलं. छोटीशी टपरी, भिंतीला वायरींची भेंडोळी. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. आधी प्रश्न सुरू केले. थंड असताना होतं की गरम असताना? आवाज एकदाच 'टक' येतो की 'टक टक टक टक' असा? त्या वेळी डॅशबोर्डचे दिवे मंद होतात का? धक्का मारल्यावर लगेच सुरू होते का? मला अर्ध्या प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत. ते म्हणाले, "मग आज काही करत नाही. पुढच्या वेळी बंद पडली की हेडलाईट लावून चावी फिरवा, लाईट मंद होतो का तेवढं बघा, आणि मला तिथूनच फोन करा. सुरू करून आणू नका."

एवढ्या स्पष्टपणे कोणी 'आज काही करत नाही' म्हटल्याचं मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. आम्ही डॉक्टरही फार क्वचित म्हणतो. पेशंट रिकाम्या हातानं जायला तयार नसतो, आणि आम्हीही पाठवायला.

सहाव्या दिवशी भर बाजारात 'टक'. हेडलाईट लावून चावी फिरवली, तर उजेड जसाच्या तसा. फोन केला. ते पोराच्या मोटारसायकलवर मागं बसून आले, मला चावी फिरवत राहायला सांगितलं आणि क्लचच्या केबलला बोट लावलं. "हात लावून बघा." मी लावला. केबल चांगलीच गरम झाली होती.

मग मीटर काढलं. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला, दुसरं थेट इंजिनाला. चावी फिरवल्यावर तिथं ०.२ व्होल्टच्या आसपास यायला हवं होतं, आले साडेतीन. शेवटी त्यांनी बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक जाड वायर इंजिनाला टेकवली. "मारा सेल्फ." पहिल्याच चावीत सुरू.

कारण असं होतं. सेल्फची मोटर इंजिनाला बसवलेली असते आणि सुरू होताना शंभर-दीडशे अँपिअर ओढते. तेवढाच करंट इंजिनातून बॅटरीकडे परतही जायला हवा. माझ्या गाडीत त्यासाठी इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेल्या तांब्याच्या तारांची अर्थिंग पट्टी आहे. तिच्या निम्म्या तारा तुटल्या होत्या, टोकाला गंज होता. एका ओहमचा पन्नासावा भाग एवढा अडथळा साध्या मीटरवर नीट दिसतसुद्धा नाही, पण दीडशे अँपिअर जाताना तोच तीन व्होल्ट खाऊन टाकतो. हेडलाईट बॉडीवरून परततात, म्हणून त्यांना फरक पडला नाही. आणि अडलेला करंट क्लचच्या केबलमधून वाट काढत होता, म्हणून ती तापली. हृदयाची मोठी रक्तवाहिनी हळूहळू बंद होत गेली की शेजारच्या बारीक वाहिन्यांतून रक्त वाट काढतं, तसंच हे. इंजिन दर वेळी थोडं वेगळ्या जागी विसावतं. तुटक्या तारा कधी टेकतात, कधी नाही. गरम झाल्यावर अडथळा वाढतो. बॅटरी, सेल्फ, दोन्ही बिचारे निर्दोष होते. नवी पट्टी बसवून त्यांनी साडेतीनशे रुपये घेतले.

हा विजेचा सेल्फ १९१२ साली कॅडिलॅक गाडीत आला, चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला. त्याआधी पुढून हँडल मारावं लागे. ते उलट फिरलं की मनगटाजवळचं हाड मोडायचं. त्या फ्रॅक्चरला आम्ही अजूनही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतो.

त्याच संध्याकाळी मी मावशींच्या मुलाला फोन केला.

या वेळी मी मावशींना मिस्तरींचे प्रश्न विचारले. एकदम सुरू होतं की हळूहळू? फडफड एका लयीत असते की वेडीवाकडी? काय करत असताना? किती दिवसांनी? उत्तरं त्यांच्याकडे होती, मीच कधी विचारलं नव्हतं. एकदम सुरू होतं, ठेका वेडावाकडा, दहा-बारा दिवसांतून एकदा, बहुतेक रात्री जेवणानंतर.

आधी २४ तासांचा होल्टर लावला. छातीला तारा चिकटवून कमरेला छोटं यंत्र अडकवतात आणि ते प्रत्येक ठोका नोंदवत राहतं. अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकात असं पहिलं यंत्र केलं, तेव्हा ते पाठीवर घ्यावं लागे आणि वजन ३८ किलोच्या आसपास होतं. आता खिशात मावतं. मावशींचा होल्टर नॉर्मल आला. यायचाच होता. दहा दिवसांतून एकदा येणारा पाहुणा नेमका त्याच दिवशी कसा येणार? 'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ तेवढ्या वेळापुरतं नॉर्मल. ईसीजी तर फक्त काही सेकंदांचा असतो.

म्हणून त्यांना सांगितलं, आता फडफडलं की थांबायचं नाही, नंबर लावायचा नाही, सरळ यायचं. नवव्या दिवशी रात्री साडेनऊला मुलगा मोटारसायकलवर घेऊन आला. ईसीजीवर ठोके पूर्ण अनियमित, मिनिटाला १४०. एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरतात, आत रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर लकवा. हा आजार असणाऱ्यांत लकव्याचा धोका साधारण पाचपट असतो. मावशींचं वय, बीपी आणि शुगर धरता रक्त गोठू न देणारी गोळी लागणारच होती. थायरॉइड तपासला, इको करून घेतला, गोळ्या सुरू केल्या. ते वर्षभर त्या गोळीशिवाय गेलं, आणि काही झालं नाही हे आमचं नशीब. मी त्यांना तसं सांगितलं, आणि माफीही मागितली.

तुम्हालाही येऊन-जाऊन होणारा त्रास असेल, तर एका वहीत तारीख, वेळ, किती मिनिटं टिकला, त्या वेळी काय करत होता आणि कशानं थांबला, एवढं लिहा. धडधडत असताना घरच्या कोणाला तरी मिनिटभर नाडी मोजायला सांगा. झटका, थरथर किंवा बोलणं अडखळणं असेल, तर दुसऱ्यानं मोबाईलवर व्हिडिओ घ्यावा. त्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओवरून मला कधीकधी सगळ्या फाईलपेक्षा जास्त कळतं. मात्र छातीत दुखून घाम फुटला, शुद्ध हरपली, तोंड वाकडं झालं किंवा हातपाय लुळा पडला, तर वही-व्हिडिओ काही नको. १०८ ला फोन करा. लक्षण दहा मिनिटांत आपोआप गेलं तरी त्याच दिवशी दाखवा. तात्पुरता लकवा बऱ्याचदा मोठ्या लकव्याच्या आधी येऊन जातो.

आणि डॉक्टरांनी तुम्हाला 'टेन्शन आहे' म्हटलं आणि तुम्हाला पटलं नाही, तर विचारा: "त्रास होत असताना तपासणी कशी करता येईल?" चिडलो तर चिडू द्या.

मावशी दर तीन महिन्यांनी येतात. किडनीची तपासणी या महिन्यात करायची आहे, कारण त्या गोळीचा डोस तिच्यावर ठरतो. परवा जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "तुमनी गाडी व्हस का चालू आते?"

होते, म्हटलं. आठ महिने झाले.