कुत्रा सोसायटीचा, चावा वस्तीचा

आमच्या शेजारची मावशी कंत्राटी सफाई कामगार. पहाटे हजेरी लावून रस्त्यावर उतरली आणि कचराकुंडीजवळ कुत्र्याने तिच्या पोटरीचा लचका तोडला. घरच्यांनी जखमेत हळद भरली. खरं तर आधी पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम धुवायला हवी होती, पण हे वस्तीत कधी कुणी येऊन सांगितलंय? पालिकेच्या दवाखान्यात लस मिळाली. खोल जखमेत टोचायचं सीरम मात्र नव्हतं. ते मोठ्या रुग्णालयात. रिक्षाचं भाडं, त्या दिवसाचा खाडा, आणि पुढच्या प्रत्येक इंजेक्शनला पुन्हा खाडा. टाळताही येत नाही, कारण रेबीजची लक्षणं दिसली की माणूस बहुधा वाचत नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, मग 22 तारखेला तो आदेश बदलला. टीव्हीवर श्वानप्रेमी आणि श्वानविरोधक भांडत होते. दोन्ही बाजू सोसायटीतल्याच. मावशीसारखी बाई त्या चर्चेत मला कुठेच दिसली नाही.

2023 च्या नियमांनुसार कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना उचललं तिथेच सोडायचं, ही जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. मला हा नियम मान्य आहे. मारून प्रश्न सुटत नाही, उघडा कचरा राहिला की मोकळ्या जागेत दुसरी कुत्री येतात. आणि पहिलं शील घेतलेला माणूस विष घालायला कसा सांगेल? पण पालिकेची गाडी कुणाच्या फोनवर येते ते बघा. सोसायटीच्या सेक्रेटरीने फोन केला की दुसऱ्या दिवशी हजर. आमच्या तक्रारीचा नुसता नंबर मिळतो. गाडीत जाळी धरून उभी असलेली पोरं मात्र बहुतेक आपलीच. त्यांना आधीच रेबीजची लस दिली का, हे विचारलं तर मुकादम हसतो.

समोरच्या सोसायटीतल्या एक ताई रोज संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुत्र्यांना भात घालतात. त्यांच्या गेटसमोर घालू देत नाहीत म्हणून. नियमात खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब असावी असं आहे. गेल्या पावसाळ्यात कुणीतरी पट्टा घातलेला म्हातारा लॅब्राडोरही आमच्याकडेच सोडून गेलं. पाळताना परवाना नाही, सोडताना लाज नाही.

आमच्या बैठकीत एक कार्यकर्ता म्हणाला, "चवदार तळ्यावर जनावरांना पाणी होतं, आपल्याला नव्हतं. मग कुत्र्यांचा पुळका कशाला?" मी म्हटलं, 1927 चा सत्याग्रह जनावरांचं पाणी तोडायला नव्हता. बाबासाहेबांचं भांडण जनावराला वाट देऊन माणसाला अडवणाऱ्यांशी होतं. मावशी कोपऱ्यातून बोलली, "बाळा, कुत्र्याला काय कळतं? कुंडी चार दिवस उचलली नव्हती, ते लिही."

तेच लिहिलं. माहिती अधिकारात तीन प्रश्न टाकलेत: प्रभागनिहाय किती नसबंद्या झाल्या, कुठल्या दवाखान्यात सीरम किती दिवस नव्हतं, किती सफाई कामगारांना आधी लस दिली. तीस दिवसांची मुदत येत्या सोमवारी संपते. ज्यांना आपापल्या पालिकेत हाच अर्ज टाकायचा आहे त्यांनी मसुदा मागवा, पाठवतो.