बिनशेपटीचा उंदीर

आमच्या नामपूरला नवी वस्तू येते ती हरणबारी धरणातून मोसम नदीला आवर्तन यावे तशी. कधी येणार हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. आल्यावर मात्र दहा दिवस गावात दुसरा विषय नसतो. मोबाईल असाच आला, डाळिंबाची ठिबक नळी अशीच आली, आणि गेल्या दिवाळीत चिरंजीवांच्या पाठीवरच्या पिशवीतून बिनतारी माऊसही असाच आला. सोबत कानांवर चढवायचे एक यंत्र होते. त्याला हेडसेट म्हणतात. दोन्ही वस्तू खेळाच्या. खेळाच्या म्हणजे विटीदांडूच्या नव्हेत; संगणकापुढे बसून, कधी न पाहिलेल्या माणसांना धडाधड गोळ्या घालण्याच्या.

मी किंमत विचारली. बागलाणातल्या माणसाला किंमत रुपयांत सांगून उपयोग नसतो, ती कांद्यात सांगावी लागते. दोन्ही मिळून चौदा हजार. भाव हजार रुपये क्विंटल धरला तर चौदा क्विंटल. म्हणजे एक पिकअप भरून कांदा अर्धा मुठीत आणि अर्धा कानात गेला.

“माझ्या शिकवणीच्या पैशांतून घेतलंय, बाबा,” चिरंजीव म्हणाले. ते नाशकात इंजिनिअरिंग शिकतात आणि फावल्या वेळात शाळेतल्या मुलांना गणित शिकवतात. “आणि आता ई-स्पोर्ट्सला कायद्यानं मान्यता आहे.”

हे मात्र खरे निघाले. २०२५ साली संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. त्याआधी २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत या खेळांना चक्क पदके होती. आम्ही लहानपणी ज्या उद्योगांसाठी मार खाल्ला, त्यांनाच पुढे पदके मिळतात. फक्त आमचे वय तेवढे निघून गेलेले असते.

तेव्हा विरोध करायला जागा उरली नाही. मग मी दुसरा मार्ग धरला. सुटी संपेपर्यंत त्या दोन्ही वस्तू स्वतः वापरून पाहायच्या ठरवल्या.

आधी उंदीर. हा मूळचा लाकडी. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून आणि बिल इंग्लिश यांच्या हातून तो घडला. पोटाखाली दोन चाके आणि पाठीवर एकच बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, १९७० साली पेटंट मिळाले, पुढे साऱ्या जगाने तो मुठीत धरला. पण एंगेलबार्टना त्यावर स्वामित्वधनाचा पैसासुद्धा मिळाला नाही. पिकवणारा एक आणि खाणारा दुसरा, हे आम्हा कांदेवाल्यांना नवीन नाही. मला हा गृहस्थ एकदम आपल्या तालुक्यातला वाटू लागला.

तार शेपटीसारखी दिसते म्हणून त्या वस्तूला उंदीर म्हणू लागले. आता शेपूटच कापल्यावर त्याला उंदीर का म्हणावे, हे मला कळेना. सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पोरे चिडवतात म्हणून तो एकेक शेपूट कापून घेतो आणि शेवटी एकही उरत नाही. मग पोरे त्याला बिनशेपटीचा म्हणून चिडवतात. या उंदराची गत वेगळी नव्हती. बिनतारी म्हणून विकलेल्या या दोन वस्तूंबरोबर खोक्यातून तारा किती निघाल्या? दोन! एक उंदराला चार्ज करायला, एक हेडसेटला. शिवाय संगणकाच्या पाठीत खुपसायची दोन इवलीशी खोडे. त्यातले एक दुसऱ्याच दिवशी धान्याच्या कोठीमागे गेले आणि सारे घर पाऊण तास पालथे पडून उंदराचे खोड शोधत राहिले. खऱ्या उंदरासाठीसुद्धा आम्ही कधी एवढे झटलो नव्हतो.

बाकी वस्तू नामी होती, हे कबूल केले पाहिजे. वजन साठ ग्रॅम. म्हणजे एक लहानसा कांदा. पोटात एक दिवा आणि एक डोळा. तो डोळा सेकंदाला हजारो वेळा टेबलाचे फोटो काढतो आणि ते ताडून हात कुठे सरकला ते ओळखतो. ही खबर सेकंदाला हजार वेळा संगणकाकडे जाते. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी वरिष्ठांकडे जेवढे अहवाल पाठवले, तेवढे हा उंदीर तीन सेकंदांत पाठवून मोकळा होतो, आणि तिकडे ते वाचलेही जातात.

त्याला ‘डीपीआय’ नावाचा एक गुण असतो. आठशे डीपीआय म्हणजे हात इंचभर सरकला की पडद्यावरचा बाण आठशे ठिपके सरकतो. हा आकडा हवा तेवढा चढवता येतो. चिरंजीवांनी माझ्यासाठी तो पंचवीस हजारांवर नेऊन ठेवला आणि स्वतः दाराआड उभे राहिले. मला शिंक आली. बाण गेला तो मला पुन्हा दिसलाच नाही. खेळात मी एकूण सतरा वेळा मेलो. त्यातले पाच मृत्यू मी माझ्याच माणसाला गोळी घातल्यामुळे सोबत्यांच्या हातून आले. मात्र आकडा आठशेवर आणल्यावर त्याच उंदराने मी पतपेढीच्या हिशेबाचा लांबलचक तक्ता पाहिला, तेव्हा चाक असे गुळगुळीत फिरले की तोट्याचा रकानासुद्धा गोड वाटला.

आता हेडसेट. डाळिंब मधोमध कापून, दाणे काढून, दोन्ही साली मखमलीने मढवून कानांवर बसवाव्यात तसा तो बसतो. ओठांसमोर एक काडी येते, तो मायक्रोफोन. या यंत्राची खरी करामत पावलांच्या आवाजात आहे. शत्रू डावीकडून आला की डावीकडून ऐकू येतो, पाठीमागून आला की मान आपोआप मागे वळते. डावीकडचा आवाज आपल्या डाव्या कानात आधी पोचतो, उजव्यात किंचित उशिरा. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. पण तेवढ्यावर मेंदू दिशा ओळखतो. हेडसेट मेंदूला तोच फरक बनवून देतो.

ही बिनतारी विद्याही मोठी नाट्यमय आहे. लहरीची जागा सतत बदलत ठेवली तर शत्रूला ती अडवता येणार नाही, ही युक्ती १९४२ साली दोघांनी मिळून पेटंट करून घेतली: हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल. पाणतीर चालवण्यासाठी त्यांनी अठ्ठ्याऐंशी जागा योजल्या होत्या, पियानोच्या पट्ट्या असतात तेवढ्याच. आजच्या ब्लूटूथची लहरही अशाच उड्या मारते, सेकंदाला सोळाशे. आमचे चिरंजीव मात्र एकदा खुर्चीत बसले की सोळाशे हाकांनाही जागा सोडत नाहीत.

आणि इथेच अडचण सुरू झाली. कारण आमच्या घरात आता दोन बहिरे झाले. एक वयाने, एक हौसेने.

वयाचे म्हणजे आमचे अण्णा. ब्याऐंशी वर्षांचे. अजून बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या लिलावाला स्वतः जातात. व्यापारी, मापारी आणि शेतकऱ्यांचा घोळका एका गाडीवरून दुसऱ्या गाडीकडे सरकत असतो, भाव पुकारला जातो, आणि आपल्या गाडीचा आकडा आपण कानाने टिपायचा असतो. म्हातारपणी आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. स, श, फ अशी अक्षरे हवेत विरून जातात. त्यामुळे ‘सोळाशे साठ’ हा भाव अण्णांच्या कानात ‘सोळाशे आठ’ होऊन शिरतो. एकदा क्विंटलमागे बावन्न रुपये गेल्याच्या संतापात त्यांनी भरलेली गाडी घरी परत आणली होती. श्रवणयंत्र आणून तीन वर्षे झाली. ते कपाटात आहे. “त्यात भांडीच ऐकू येतात,” असे त्यांचे म्हणणे. खरे कारण आम्हाला ठाऊक आहे: यंत्र लावले की माणूस म्हातारा दिसतो.

याचा त्रास सगळ्यांत जास्त आईला. गेली दहा वर्षे ती अण्णांशी ओरडून बोलते. “जेवाले चला!” ही हाक आमच्या गल्लीच्या टोकाला ऐकू जाते आणि शेजारीही आपापली ताटे मांडतात. औषधाच्या गोळीपासून सुनेच्या तक्रारीपर्यंत नवरा-बायकोचे जे काही असते, ते आमच्याकडे जाहीर सभेत होते. ओरडून फक्त कामाचेच बोलता येते, असे माझे निरीक्षण आहे. “पाय दुखतात का?” हे ओरडून विचारले तर ते भांडण वाटते.

आता नातवालाही तशीच हाक मारावी लागू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने कानांसाठी मर्यादा सांगितली आहे: ऐंशी डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तास. तीन डेसिबल चढले की वेळ निम्मा. नव्वदला आठवड्याचे अवघे चार तास. मी हा हिशेब चिरंजीवांपुढे ठेवला आणि म्हणालो, “आजोबांना वयानं मिळालं ते तू चौदा हजार मोजून घेऊ नकोस.” त्यांनी मुकाट्याने आवाज उतरवला. गणिताची शिकवणी घेत असल्याने आकड्यांना ते मान देतात.

“पण तू खेळताना ओरडतोस का?” मी विचारले.

“कान झाकले की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून माणूस ओरडतो. त्यासाठी ह्यात सोय असते. हे बटण दाबलं की काडीत बोललेलं आपल्याच कानात येतं. जुन्या टेलिफोनमध्येही होतं हे.”

एवढे बोलून तो थांबला. मग त्याने अण्णांकडे पाहिले. ते ओटीवर कांद्याची पात निवडत बसले होते. त्याने जाऊन हेडसेट त्यांच्या डोक्यावर चढवला. आश्चर्य म्हणजे त्यांनी चढवू दिला. वाटाणाभर श्रवणयंत्राने जे म्हातारे दिसतात, ते या निळे दिवे लागणाऱ्या शिरस्त्राणाने पायलट दिसत होते.

खेळाचा हेडसेट म्हणजे श्रवणयंत्र नव्हे, हे सांगितले पाहिजे. श्रवणयंत्र कानाचे माप घेऊन जे सूर गेले तेवढेच उचलून धरते. हा सगळेच एकजात मोठे करतो. बोलणाऱ्याला काडीजवळ तोंड न्यावे लागते. नाशकाला जाऊन पुन्हा माप घ्यायचे आणि कपाटातले यंत्र जुळवून आणायचे, असे अण्णांनी दुसऱ्या दिवशी आपणहून ठरवले, ते यामुळेच. काय काय ऐकायचे राहून जाते, याचा त्यांना अंदाज आला असावा.

त्या संध्याकाळी मात्र आई नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरातून ओरडत आली. अण्णांनी हात वर केला.

“वरडू नको,” ते म्हणाले, अगदी हळू, कारण त्यांना स्वतःचाही आवाज ऐकू येत होता. “माले ऐकू येस.”

आई दारातच थबकली. मग जवळ जाऊन बसली, त्या काडीशी वाकली आणि दहा वर्षांत प्रथमच हलक्या आवाजात काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. अण्णा मान डोलवत होते. मध्येच हसले. आम्ही तिघे चार हातांवर उभे होतो. पण आम्हाला एक अक्षर ऐकू आले नाही.

रात्री मी अण्णांना विचारले, “काय म्हणत होती आई?”

हेडसेट अजून त्यांच्या डोक्यावरच होता, दिवाही चालू होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले, कानाला हात लावला, आणि काहीच ऐकू येत नाही अशी खूण केली.