डांबराखालचा पत्रा

४ जानेवारी, अकोला
पद्मिनीची सीटं काढली, रबरी मॅट गुंडाळली. १९८६ची गाडी. गिअर स्टीअरिंगपाशी असल्यामुळे खालचा पत्रा चांगला मोकळा आहे, पण तो दिसतच नाही. आवाज दबावा म्हणून मागे कुणीतरी त्यावर बोटभर डांबरी लेप चढवलाय. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो. जिथे पोकळ आवाज आला, तिथे खडूने खुणा केल्या. ड्रायव्हरच्या टाचेखाली खुणाच खुणा.

या गाडीला वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा हाच सांगाडा. लेपावर रंग मारून मोकळं व्हायचं, हे मला अजिबात पटत नाही.

५ जानेवारी
हीटगन पाहताच डेंटरभाऊ म्हणाले, “काका, गरम नोका करू. पघळलं का मंग लय तरास देते.” वीतभर जागेवर लावून दाखवली. डांबर सुटलं, पण तारा ओढत पटाशीला चिकटलं.

८ जानेवारी, अमरावती
प्रायमर घ्यायला आलो. येताना माना ते लोणी हा पट्टा लागला. जून २०२२ मध्ये इथे ७५ किलोमीटर डांबरी लेन सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरली. गिनेसमध्ये नोंद झाली. तिथे डांबर गरमच हवं, म्हणजे ते पसरतं, खडीला धरतं. आपल्याला त्याची पकड सोडवायची आहे, तेव्हा गारच बरं. परदेशात जुन्या गाड्यांचे शौकीन यासाठी कोरडा बर्फ टाकतात. तो उणे ७८ अंशांचा असतो. आपल्याकडे जानेवारीची पहाट आहे. मे महिन्यात अकोल्यात हे काम काढूच नये.

१० जानेवारी, अकोला
उजाडायच्या आत सुरुवात. साध्या बर्फाच्या पिशव्या लेपावर ठेवल्या. बर्फात मीठ घालायचं एकाने सुचवलं. पत्र्याजवळ मीठ नकोच. थोड्या वेळाने पटाशी आडवी धरून हलका ठोका दिला आणि तळहाताएवढी खपली टणकन उडाली. खाली कंपनीचा मूळ रंग, जसाच्या तसा! पुढच्या खपलीखाली मात्र गंज, खारीसारखा पापुद्र्या-पापुद्र्यांचा.

जुन्या काही लेपांत अ‍ॅसबेस्टॉस असायचं, म्हणून ग्राइंडर लावू दिला नाही. पाणी शिंपडत, मास्क बांधूनच खरवडलं.

१३ जानेवारी
उरलेला काळा थर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसला. दारं सताड उघडी, वेल्डिंग दूर. गंजाचं कारणही सापडलं. तळाची पाणी निघायची भोकं लेपाखाली बुजली होती. पावसाळ्यात मॅटखाली गेलेलं पाणी तिथेच मुरत राहिलं.

टाचेखालचा पत्रा कापून नवा जोडायचा, मग इपॉक्सी प्रायमर. आवाजासाठी सगळा तळ पुन्हा माखायचा नाही. पत्र्याची थरथर डांबरी थरात जिरते. त्यासाठी सपाट भागाच्या मधोमध डांबरी शीटचे तुकडे पुरतात. भोकांना नवी रबरी बुचं घ्यायची आहेत.