सगळ्यांना पेलेल असा सूर

रविवारी उपासना सुरू होण्याआधी मला एक गोष्ट ठरवायची असते: आज सूर कोणता धरायचा? आमची ख्रिस्ती मंडळी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. साथीला तबला आणि टाळ, पेटी माझ्याकडे. माझा आवाज काळी चारमध्ये मोकळा लागतो, पण त्या पट्टीत पुरुषांना वरचे सूर झेपत नाहीत. काळी एक धरली तर बायकांची ओढाताण होते. म्हणून मी मधली पट्टी धरते. तिथे कुणाचाच आवाज खुलून दिसत नाही, पण गाता मात्र सगळ्यांना येतं.

हे मला आमच्या मंडळीतल्या जुन्या मास्तरांनी शिकवलं. ते म्हणायचे, “पोरी, पेटी ऐकू आली नाही तरी चालेल, माणसं ऐकू आली पाहिजेत.” शेवटच्या कडव्याला ते भात्यावरचा हात हलका करत आणि ध्रुपद लोकांवर सोपवून देत. पुढच्या बाकावरच्या एक मावशी नेहमी अर्धी मात्रा मागे असायच्या. तबलजी पुढे धावायला लागला की मास्तर नजरेनं त्याला आवरायचे. ओळ मावशींच्या तोंडून पूर्ण झाली की मगच पुढची सुरू व्हायची. प्रीतीवरची प्रवचनं मी पुष्कळ ऐकली आहेत, पण मागे राहिलेल्यासाठी थांबायचं म्हणजे काय, हे मला त्या अर्ध्या मात्रेनं शिकवलं.

आमच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात रेव्हरंड ना. वा. टिळकांची कितीतरी गीतं आहेत. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला आणि पुढे त्यांनी नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं. त्यांच्या आधीही मराठी ख्रिस्ती गीतं होती, पण बरीचशी पाश्चात्त्य चालींवर बेतलेली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. त्यांनी अभंगाचा, भजनाचा ओघ उपासनेत आणला आणि कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन गावोगाव नेलं. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायकांना हा ठेका शिकवावा लागला नाही. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. वधस्तंभ, पापक्षमा, पुनरुत्थान यांविषयी तिला जे ठाऊक होतं, ते बहुतेक गीतांतून आलेलं. पुस्तक हातात नसलं तरी तिची श्रद्धा तिला तोंडपाठ होती.

युरोपातही हेच घडलं होतं. मध्ययुगात उपासना लॅटिनमध्ये चाले आणि गायन मुख्यतः धर्मगुरू व गायकवृंद यांच्याकडे असे. मार्टिन ल्यूथरनं लोकांच्या भाषेत गीतं रचली आणि 1524 साली त्यांची पुस्तकं छापली गेली. कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 च्या दस्तऐवजानं लोकभाषेला वाट दिली आणि गायनात भाविकांचा सक्रिय सहभाग असावा, असा आग्रह धरला. उपासनेत लोकांनी नुसतं हजर राहून चालत नाही. देवाची स्तुती प्रत्येकाच्या स्वतःच्या तोंडून व्हावी लागते.

पण ज्याच्या तोंडून शब्दच फुटत नाही, त्यानं काय करायचं? आई गेल्यानंतरच्या रविवारी मी पेटी दुसऱ्याच्या हाती दिली आणि बाकावर जाऊन बसले. गीत सुरू झालं. देवाच्या विश्वासूपणाबद्दलची ती ओळ त्या दिवशी मला म्हणवेना. शेजारची बाई माझ्याकडे न बघता गात राहिली. मागून पुरुषांचे जाड आवाज येत होते. मला म्हणता येत नव्हतं ते सगळी मंडळी माझ्या वतीनं म्हणत होती. मला कुणी समजावलं नाही, गाण्याचा आग्रहही केला नाही. कितीतरी रविवारांनंतर मी ती ओळ पुन्हा म्हटली, तेव्हा ती मला परकी वाटली नाही. माझ्या नावाची जागा त्यांनी राखून ठेवली होती.

अलीकडे शहरातल्या काही चर्चमध्ये मोठे स्पीकर आणि तयारीचे गायक असतात. त्यांची मेहनत आणि भक्ती खरी आहे. काही नवी गीतं मीही आवडीनं शिकले आहे. पण मंचावरचा आवाज इतका मोठा झाला की शेजाऱ्याचा आवाज ऐकू येईना, तर मंडळी हळूहळू श्रोता बनते. मग बेसूर माणूस गप्प होतो, म्हातारी माणसं ओठ मिटून घेतात. ते गप्प बसले की उपासना त्यांच्या हातून निसटते. म्हणून आमच्या तरुण वादकांना मी एवढंच सांगते: एक कडवं वाद्यांशिवाय होऊ द्या आणि कोण गात नाही ते बघा.

आपण एकाच शरीराचे अवयव आहोत, असं पौलानं करिंथकरांना लिहिलं. लांब ओळ एका दमात कुणालाच पुरत नाही. मी श्वास घ्यायला थांबते तेव्हा शेजारची ती ओळ पुढे नेते. ती थांबते तेव्हा मी नेते. गीत मात्र तुटत नाही. मंडळी म्हणजे काय, हे कुणी विचारलं तर मी त्याला रविवारी आमच्यात बसून गायला सांगेन.