दीड मिलिमीटरची गोष्ट

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि लग्नसराईही तेव्हाच भरात असते. फोटो स्टुडिओतला पाण्याने थंड होणारा काँप्युटर रात्रंदिवस व्हिडिओ रेंडर करत बसतो. खोलीतच ३८ अंश असतील, तर रेडिएटर कितीही मोठा लावा, पाणी त्याखाली उतरणार नाही. हाताशी उरतात ते मोजके अंश. म्हणून इथला जोडणी करणारा पंख्यांपेक्षा प्रोसेसर आणि त्याची उष्णता पाण्याला देणारा तांब्याचा वॉटर ब्लॉक जिथे एकमेकांना टेकतात, त्या जागेला जास्त जपतो.

मदरबोर्ड बदलला की गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, हा ब्लॉक आता भंगारातच ना?"

तांब्याला काहीच झालेलं नसतं. बदललेली असतात ती बोर्डावरची चार भोकं. इंटेलच्या ७७५ सॉकेटला ती ७२ मिमी अंतरावर होती. २००९च्या ११५६पासून २०२०च्या १२००पर्यंत ७५ मिमी हा आकडा टिकला. २०२१मध्ये १७०० आला आणि अंतर ७८वर गेलं.

मग ब्लॉकला बोर्डावर धरून ठेवणाऱ्या पट्टीला नवी भोकं पाडली की झालं? कागदावर आखून पाहिलं की मेख कळते. प्रत्येक भोक आडवं आणि उभं दीड-दीड मिमी सरकतं, म्हणजे कर्णाच्या रेषेत जेमतेम २.१ मिमी. जुनं भोकच ४ मिमीच्या घरातलं. ड्रिलचं बिट घसरून त्यातच जातं. त्यामुळे ड्रिल ठेवून गोल कानस हातात घ्यावी लागते. भोक बाहेरच्या कोपऱ्याकडे लांबवायचं, थोडं घासायचं, व्हर्नियर लावायचा, परत घासायचं. रुंदी वाढली की पट्टी हलते. कडेला पुरेसा धातू उरणार नसेल, तर एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमधून स्टीलची नवी पट्टीच कापून आणलेली बरी.

उंचीतला फरक मात्र डोळ्यांना दिसत नाही. १७००मध्ये प्रोसेसरचा माथा आधीपेक्षा पाऊण मिलिमीटरच्या आसपास खाली असतो. जुने बोल्ट शेवटपर्यंत आवळले तरी स्प्रिंग हवी तेवढी दबत नाही. स्प्रिंगखाली वायसर घालून ती कसर भरून काढायची. मग पेस्ट लावून समोरासमोरचे बोल्ट अर्धा-अर्धा फेरा आवळायचे आणि ब्लॉक उचलून ठसा पाहायचा. पेस्ट एका कडेला जाड आणि दुसरीकडे पुसट दिसली, तर ब्लॉक तिरका बसलाय. पेस्ट पुसून पुन्हा पहिल्यापासून.

ब्लॉक सुटलाच आहे तर आतूनही पाहून घ्यावा. तळाच्या खोबण्या केसासारख्या बारीक असतात. ठिबक सिंचनाची साधनं बनवणाऱ्या जैन इरिगेशनच्या जळगावात हे समजावायला लागत नाही: क्षार धरला की ड्रिपर तुंबतो, तशाच या खोबण्याही. म्हणून यात बोअरचं पाणी अजिबात नाही, डिस्टिल्डच. उघड्या तांब्यावरचा थर पातळ व्हिनेगरने निघतो. निकेलचा मुलामा असेल तर व्हिनेगरही वापरू नये.

बसवून झाल्यावर लगेच काँप्युटर सुरू करत नाहीत. बोर्डाची वीज काढून २४ पिनी कनेक्टरातली हिरवी तार काळीला जोडतात आणि नुसता पंप फिरू देतात. सांध्यांखाली टिश्यू पेपर; तो काही तास कोरडा राहिला तरच पुढचं काम.

एएमडीवाल्यांची दगदग कमी. एएम४ सॉकेटची भोकांची ५४ बाय ९० मिमीची मांडणी २०२२च्या एएम५नेही ठेवली. फक्त मागची बॅकप्लेट आता निघत नाही, त्यामुळे स्वतःची बॅकप्लेट लागणारे ब्लॉक अडतात. इंटेलने २०२४मध्ये १८५१ आणला, तो ७८ मिमीवरच. कानशीने लांबवलेली पट्टी त्याला तशीच चालते, पेस्टचा ठसा तेवढा पुन्हा पाहायचा.