तुरीच्या शेंगा आणि आजी

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले होते. अशाच एका गारठ्यात हुडकेश्वर येथील माझ्या दवाखान्यात एक आजी दीड वर्षाच्या नातवाला घेऊन आल्या. बाहेर थंडी, हाती मोबाइल द्यायचा नाही, म्हणून त्यांनी त्याच्यापुढे तुरीच्या शेंगा ठेवल्या होत्या. खेळता खेळता त्याला जोराचा ठसका लागला आणि श्वासात शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मी त्याला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले. तेथे दुर्बिणीच्या साहाय्याने श्वासनलिकेतील दाणा काढला गेला. बाळ सुखरूप घरी आले. आजी मात्र स्वतःला दोष देत राहिल्या.

मी त्यांना म्हटले, "आजी, तुमचा विचार योग्य होता, वस्तू तेवढी चुकली."

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एवढ्या लहान बालकाला पडदा नकोच. उलट दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल हवी. त्यासाठी वाट्या, डब्यांची मोठी झाकणे, जुन्या साडीचा तंबू आणि गच्चीवरचे कोवळे ऊन पुरेसे आहे. दाणे, फुटाणे, बटणे मात्र त्याच्या हाती लागू देऊ नयेत. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कधीच पेटवू नये. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो.

आता त्या आजी नातवाला रिकाम्या टोपलीत बसवून घरभर ओढतात. शेंगा मात्र तो झोपल्यावरच सोलतात.